कमतरताकाका

आमच्या दापोडीत कुणाच्या जास्वंदीचं पान पिवळं पडलं, की ते आधी कमतरताकाकांकडे जातं. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत कधीच नसतं, त्यामुळे ते कुणाला ठाऊक नाही. हयात गेली एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. समोर आलेली वस्तू तपासणीलाच आली आहे आणि तिच्यात काहीतरी कमी असणारच, ही त्यांची खात्री अजून निवृत्त झालेली नाही.

पान हातात घेतल्यावर पहिला प्रश्न, "खालचं की शेंड्याचं?" सांगता आलं नाही तर पान परत. चक्रमपणा वाटेल, पण सगळी मेख तिथंच आहे. खालची जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर मॅग्नेशियम कमी. शेंड्याची कोवळी तशी झाली तर लोह. "मॅग्नेशियम मायाळू," काका सांगतात, "झाड ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं. लोह म्हणजे खिडकीची जागा मिळालेला पाशिंजर. बसला की उठायचं नाव नाही."

फ्रिजवर एप्सम सॉल्ट, हिराकस, झिंक सल्फेट, बोरॅक्स अशा बरण्या. लिटरभर पाण्याला 5 ग्रॅम एप्सम सॉल्ट, तेही काट्यावर तोलून. स्वतःला मधुमेह आहे. चहातली साखर मात्र अंदाजपंचे.

एकदा हिराकसाची फवारणी वाऱ्यानं खालच्या मजल्यावर गेली आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबूस ठिपके उमटले. सदऱ्याचे मालक तणतणत वर आले. काकांनी ठिपके चष्म्यातून न्याहाळले आणि म्हणाले, "बघा, लोह किती चटकन गंजतं! झाडाला मिळणार कसं?" मग त्या गृहस्थांना अर्धा तास उभं करून समजावलं, की आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असतंच, पण सामू आठाच्या घरात गेला की मुळांना ते उचलता येत नाही, वर बोअरचं जड पाणी. अशा मातीत ईडीटीए चिलेट टिकत नाही, ईडीडीएचए हवं. नातू कितवीत आहे हे काकांना दरवेळी विचारावं लागतं, पण ही अक्षरं कधी अडखळत नाहीत. सदरेवाले शेवटी सदरा तिथंच टाकून गेले.

टोमॅटोचं बूड काळं पडलं तेव्हा काकूंच्या गुडघेदुखीच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून कुंडीत गेल्या. काकू म्हणाल्या, "अहो, आठवडाभर कुंड्या कोरड्या ठेवून गावाला गेलात, आल्यावर बादली ओतलीत. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, असं तुम्हीच सांगता ना?" काकांनी हे लगेच वहीत लिहून घेतलं, स्वतःचं निरीक्षण म्हणून.

परवा त्यांचीच जास्वंद खालपासून शेंड्यापर्यंत पिवळी पडली. मॅग्नेशियम झालं, लोह झालं, जस्त झालं. काकूंनी कुंडी आडवी केली, तळाच्या बुजलेल्या भोकात खराट्याची काडी घातली आणि आतून भसाभसा कुबट पाणी आलं.

"कसली कमतरता नि कसलं काय! मुळं बुडाली होती पाण्यात."

काका क्षणभरच गप्प झाले.

"म्हणजे मुळांना ऑक्सिजन कमी पडला. कमतरताच की ती!"