टॉलरन्स

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्यामागून बाकीच्या कंपन्या आल्या, आणि बजाजनगरच्या गल्लीगल्लीत आज एक तरी 'क्वालिटीवाले काका' सापडतात. उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढून ते निवृत्त होतात. मग घरच्यांचं काही खरं नसतं. पोळी वाकडी झाली तर काका 'रिजेक्ट' म्हणत नाहीत, 'रीवर्क' म्हणतात. तेवढं मन मोठं आहे.

आमच्या गल्लीतल्या काकांची नात कथक शिकते. एमजीएमच्या आवारातल्या महागामी गुरुकुलात एक कार्यक्रम बघून आली, तेव्हापासून पोरगी घरात सदा तत्कारातच. पण फरशीखालचा स्लॅब काही दबत नाही. पाय आपटला की हिसका टाचेत, नडगीत, गुडघ्यात. ''आबा, नडगी दुखते,'' ती म्हणाली. दुसऱ्या आजोबांनी तेल चोळलं असतं. काकांनी व्हर्नियर काढला.

वरच्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत लवचीक लाकडी फ्लोअर घालायचं ठरलं. खाली रबराचे तुकडे, त्यावर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर प्लायचे दोन थर; एक उभा, एक आडवा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. आठ बाय चारच्या शीट एका थराला चार. भिंतीला बोटभर फट, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. ही फट काका चारही भिंतींना, दर वितीवर मोजत होते. ''साहेब, प्लाय आहे हा, पिस्टन नाही,'' मिस्तरी म्हणाले. काकांनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

मग ट्रायल. रबर मऊ निघालं, तर नाचाच्या ताई म्हणाल्या, कथकात पायाचा आवाज घुमला पाहिजे. कडक घातलं, तर पुन्हा नडगी. मधलं सापडलं, तेव्हा आवाज घुमला तो खालच्या भाडेकरूंच्या खोलीत. पोरं तिसरी शिफ्ट करून झोपलेली. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी वर आली. काकांनी नोंद केली: 'ग्राहक तक्रार. उपाय: रियाज संध्याकाळी.'

शेवटचा तुकडा, मिस्तरी चहाला गेल्याचं बघून, काकांनी स्वतः बसवला. आतून दार लावून, कुणाची लुडबुड नको म्हणून. टॉलरन्स अगदी काटेकोर. दार मात्र आत उघडणारं, आणि फ्लोअर अडीच इंच वर आलेला.

''अहो, याला काय म्हणतात तुमच्या कंपनीत?'' काकूंनी बाहेरून विचारलं.

''डिझाइन चेंज,'' आतून उत्तर आलं.

तो तुकडा उचकटून दार खालून कापलं. नातीची नडगी आता दुखत नाही, हेही सांगायला हवं. तुम्हालाही असा फ्लोअर घालायचा असेल तर खुशाल घाला. फक्त प्लाय आणण्याआधी दार कापून घ्या, आणि घरात कुणी क्वालिटीवाले असतील तर काम होईस्तोवर त्यांना घृष्णेश्वराला धाडा.