तीन तारखेचा पगार

31 ऑगस्ट 2024 ला मी निवृत्त झालो. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो. (ज्याला आता वेळेवर कुठंच पोचायचं नाही त्याला घड्याळच का देतात, कुणास ठाऊक.) महिनाभरात फंड आणि ग्रॅच्युइटी खात्यात येऊन पडली. मी चष्मा पुसून दोनदा शून्यं मोजली. बायकोनं एवढंच विचारलं, "महिन्याला किती?"

प्रश्न बिनतोड होता. आमचं घर कायम महिन्यावर चाललेलं. दूधवाला, वीज, सोसायटीचा मेंटेनन्स, कामाच्या मावशी, सगळे एक तारखेचे धनी. बँकेत गाठोडं असून काय उपयोग, त्यानं दर महिन्याला दूध द्यायला हवं.

बाबांच्या वेळी अशी दुभती गाय पोस्टात बांधलेली असे. नव्वदच्या दशकात मंथली इन्कम योजनेला 13 टक्के व्याज होतं. 60,000 ठेवले की महिन्याला 650 रुपये, वर सहा वर्षांनी 10 टक्के बोनस. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पासबुक घेऊन जात, नोटा तिथंच दोनदा मोजत आणि येताना पाव किलो जिलबी आणत. त्या दिवशी त्यांच्या चालीत थोडी जमीनदारी शिरायची.

माझ्या वाट्याला तीच गाय 7.4 टक्क्यांवर आली. एकट्याच्या नावानं 9 लाखांची मर्यादा, म्हणजे महिन्याला 5,550 रुपये. ज्येष्ठ नागरिक बचत योजना 8.2 टक्के देते आणि 30 लाखांपर्यंत घेते, पण व्याज तिमाहीनं; एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट बाँडला 8.05, तेही सहा महिन्यांनी, 1 जानेवारी आणि 1 जुलैला. मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर बारा चौकोन आखले आणि येणारं व्याज पेन्सिलीनं भरत गेलो. जुलैच्या चौकोनाला पूर आला. शेअरचे लाभांशही बहुतेक वार्षिक सभांच्या मागेपुढे, म्हणजे पावसाळ्यातच. फेब्रुवारी ठणठणीत कोरडा.

"फेब्रुवारीत काय, उपास करायचे?" बायको म्हणाली.

मुलाचा बेंगळुरूहून फोन आला. "बाबा, व्याजाच्या मागे कशाला लागता? म्युच्युअल फंडात टाका आणि एसडब्ल्यूपी लावा. दर महिन्याला ठरलेली रक्कम खात्यात येईल." मी खोलात शिरलो तर कळलं, की तिथं दर महिन्याला आपलीच थोडी युनिटं विकली जातात. आपलाच माठ, आपलाच तांब्या. माठात वरून धार पडत असेल तोवर छान. बाजार पडला त्या वर्षी तांब्या तळाला लागल्याचा आवाज मला झोपेत ऐकू आला असता.

फंडांच्या 'डिव्हिडंड' पर्यायाचीही मला भूल पडली होती. पण सेबीनं 2021 च्या एप्रिलपासून त्याचं नाव बदलून 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल' ठेवायला लावलंय. एवढं लांब आणि एवढं प्रामाणिक नाव मी लग्नाच्या बायोडेटातही पाहिलेलं नाही. हातात पडतंय त्यात तुमचं मुद्दलही असू शकतं, हे नावातच सांगून टाकलंय. शिवाय 2020 पासून लाभांशावरचा कर आपणच आपल्या स्लॅबप्रमाणे भरायचा.

समोरच्या जोशीकाकांनी भाड्यानं द्यायला फ्लॅट घ्या म्हणून सुचवलं. पण रविवारी दुपारी भाडेकरूचा गिझरबद्दल फोन आला की काका जेवता जेवता उठतात, हे मी दहा वर्षं खिडकीतून बघत आलोय. तो विषय तिथंच मिटला.

शेवटी ज्येष्ठ नागरिक योजनेत मोठा वाटा, थोडे बाँड आणि महिन्याच्या खर्चाला पोस्टाची मंथली, असं ठरलं. मंथलीचं व्याज खातं ज्या तारखेला उघडलं त्या तारखेला जमा होतं. म्हणून मी 1 ऑक्टोबर मुक्रर केली.

"अहो, पितृपक्ष आहे!"

"सरकारी योजनेला कसला पितृपक्ष?"

"पैसे सरकारकडे जाणार, पण आहेत आपलेच ना?"

दोन तारखेला सर्वपित्री अमावास्या, त्यात गांधी जयंतीची सुट्टी. तीनला घटस्थापना. घट बसवून, दही-साखर खाऊन आम्ही दोघं पोस्टात गेलो आणि खातं उघडलं. तेव्हापासून आमचा पगार तीन तारखेला होतो.

दूधवाला मात्र एक तारखेलाच येतो. पहिल्या महिन्यात "परवा या" म्हणालो, तर तो जिन्यातच थबकला.

"काका, कंपनी बदलली का?"

"हो," बायको आतून म्हणाली, "आणि ही कंपनी घटस्थापनेला उघडलीय."