अहो, स्टँड!

महाराष्ट्रात दुचाकीस्वाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी कागदोपत्री सरकारकडे असेल, प्रत्यक्षात ती शेजारून जाणाऱ्या अनोळखी माणसाकडे असते. "ओ काका, स्टँड!" एवढं ओरडून तो पुढे जातो. आपण पायाने चाचपडून स्टँड वर घेतो, आभार मानायला मान वळवतो, तोवर स्वारी दोन रिक्षांच्या मधून पसार झालेली असते. एरवी हाच गृहस्थ सिग्नल सुटण्याआधी आपल्या कानाशी हॉर्न वाजवत असतो. पण स्टँड खाली दिसला की त्याला राहवत नाही. (आपण 'दादा'चे 'काका' कधी झालो, हेही असल्या हाकांतूनच कळतं. ती बातमी मात्र आपण मागितलेली नसते.)

हाक मोलाची आहे, यात वाद नाही. साइड स्टँड गाडीच्या डाव्या अंगाला. सरळ रस्त्यावर तो निमूट लोंबकळतो. गाडी डावीकडे वळायला कलली की डांबराला टेकतो आणि अख्खी गाडी उचलून आडवी करतो. म्हणजे स्टँड विसरलेल्या माणसाला पहिल्या डाव्या वळणापर्यंतची मुदत असते, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडायला हवं.

स्टँडखालोखाल मान ओढणीचा आणि पदराचा. मागचं चाक निदान निम्मं तरी झाकलेलं असावं, असं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. उरलेलं निम्मं "ताई, ओढणी!" म्हणणाऱ्यांच्या भरवशावर सोडलेलं दिसतं. तिसरी सूचना मुकी असते: समोरून येणारा हात उंचावून बोटांची उघडझाप करतो, म्हणजे तुमचा दिवा दिवसाढवळ्या चालू आहे. २०१७च्या एप्रिलपासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि त्याला बटणच नसतं. वळणाऱ्या मोटारवाल्याला दुचाकी लांबून दिसावी, हा त्यामागचा हेतू. तरीही उघडझाप करणारे आहेत. त्यांना भर रस्त्यात हे समजावून सांगायची सोय नसल्यामुळे आपण आज्ञाधारकपणे मान हलवावी आणि दिवा तसाच ठेवून जावं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली ठेवून गिअर टाकला की इंजिनच बंद पडतं. ओरडणाऱ्यांचं एकेक खातं असं यंत्राकडे चाललं आहे.

आता मला पडलेलं कोडं. स्टँडवरून, पदरावरून, दिव्यावरून परक्याला हटकणारी ही माणसं हेल्मेटच्या बाबतीत एकदम मुखदुर्बळ कशी होतात? शेजारच्या गाडीवर हेल्मेट कोपरात अडकवलेलं दिसतं, आरशावर डुलताना दिसतं, टाकीवर पोटाशी धरलेलं दिसतं. कुणी ब्र काढत नाही. बहुधा स्टँड हा विसरभोळेपणा मानला जातो आणि हेल्मेट हे मत. मराठी माणूस दुसऱ्याची चूक दाखवील, मतात पडणार नाही. पुण्यात तर हेल्मेटसक्ती म्हटलं की डोक्याआधी स्वाभिमान झाकला जातो.

पुणेकरांना फार बोल लावायचं कारण नाही, कारण या बाबतीत साहेबही काही घाईत नव्हता. १९३५च्या मे महिन्यात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना आपल्या ब्रफ सुपिरियर मोटरसायकलवरून फेकला गेला आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे निरोप्याचं काम करणाऱ्या लष्करी मोटरसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास केला, १९४१मध्ये निष्कर्ष छापले, आणि सैन्याने हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य ब्रिटिश नागरिकावर ती सक्ती यायला १९७३ उजाडलं. लॉरेन्स जाऊन तोवर अडतीस वर्षं झाली होती.

आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १२९वं कलम वाचण्यासारखं आहे. हेल्मेट डोक्यावर असून भागत नाही, पट्ट्याने घट्ट बांधलेलं हवं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मला तर तेच कळीचं वाटतं. कोपरातलं हेल्मेट निदान सर्वांना दिसतं. डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट मात्र पोलिसालाही फसवतं आणि घालणाऱ्यालाही. गाडी घसरली की बिनपट्ट्याचं हेल्मेट आधी उडतं आणि डोकं एकटं पडतं. मग आतल्या थर्माकोलने चेपून जाऊन धक्का शोषायचा तरी कुणाचा?

आणि मागे बसलेली व्यक्ती? नवरा हेल्मेटमध्ये, बायको मोगऱ्याच्या गजऱ्यात, हे दृश्य आपल्याला खटकतही नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातांत मरण पावले. त्यांतले १४,३३७ मागच्या सीटवरचे होते.

तेव्हा ओरडणाऱ्या तमाम काका-मावश्यांना विनंती आहे: स्टँडचं खातं आता गाडीने घेतलं, तुमचा घसा मोकळा झाला आहे. चौकात शेजारी कुणाचा पट्टा हनुवटीखाली लोंबताना दिसला, तर त्याच हक्काने ओरडा, "ओ दादा, पट्टा!" माझ्याच वयाचा असेल तर काका म्हणा, हरकत नाही.