बोट ते सावनेर

समुद्राच्या बाबतीत आमच्याकडच्या नद्यांचंच एकमत नाही. पांढुर्ण्याहून बैतूलच्या दिशेनं निघालं की मुलताई लागतं. तिथं उगम पावलेली तापी पश्चिमेला तोंड करून 724 किलोमीटर चालते आणि सुरतेपाशी अरबी समुद्र गाठते. त्याच मुलताई तालुक्यातून निघालेली वर्धा मात्र दुसरीकडे वळते. सौसर तालुक्यातली कन्हान तर वैनगंगेच्या संगतीनं सरळ बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. नद्यांची ही तऱ्हा, तर माणसांचं काय सांगावं? आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला समुद्र दिसला तो पुरी, रामेश्वर नाहीतर द्वारकेला. देव आधी, पाणी नंतर. नुसतं पाणी पाहायला पैसे मोजायचे, ही कल्पना त्यांच्या गळी कोणी उतरवू शकलं नसतं.

आता मोजतात. आंबिया बहाराचा सौदा बरा झाला की पांढुर्ण्याचा संत्रेवाला नागपूरच्या एजंटाकडे जातो आणि मुंबई-गोवा बोटीचं बुकिंग करून येतो. माझ्या मामांनी तेच केलं आणि सौसरहून आम्हा दोघांनाही ओढून नेलं. बोटीवर काय काय होतं, ते मी लिहीत नाही. परत आलेला प्रत्येक जण ते फोटोसकट सांगतो. मामा वरच्या डेकवरच्या खुर्चीत जे आडवे झाले ते उठेचनात, तेव्हा मामी म्हणाल्या, "जामसावळीचे मारुतीराय झाले हे." सौसरजवळच्या त्या देवळातली मूर्ती निजलेली आहे, एवढं सांगितलं की बोटीचं वर्णन पुरे.

न सांगितली जाणारी गोष्ट वेगळीच आहे. बोटीवरून उतरवतात कसं?

आदल्या संध्याकाळी खोलीत एक कागद येतो, सोबत रंगीत पट्ट्या. पट्टी बॅगेला बांधायची आणि झोपण्याआधी बॅग दाराबाहेर ठेवायची. रात्रीतून ती खाली जाते आणि सकाळी धक्क्यावर भेटते. मामांनी कागद नीट वाचला, पट्टी बांधली, बॅग ठेवली आणि लुंगी-बनियनवर शांत झोपले. पँट बॅगेत. सकाळी मामी दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पोऱ्यांना विचारत होत्या, "भाऊ, आमची हिरवी पट्टीवाली बॅग कुठं गेली जी?" ते सगळे गोड हसत, मान हलवत आणि पुढे जात. शेवटी माझा ट्रॅकसूट कामी आला. मामांना तो चार बोटं आखूड होता.

आदल्या दिवसापर्यंत याच खोलीत पलंगावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवत होते. त्या सकाळी आम्ही बूट घालतोय तोवर उशांचे अभ्रे निघाले होते. नाश्ता लवकर आटोपला, भोंग्यावरून रंगांची नावं पुकारणं सुरू झालं. निळे उतरा, पिवळे उतरा, हिरव्यांनी बसून राहा. रात्रीपर्यंत आम्ही 'सर' आणि 'मॅडम' होतो, सकाळी हिरवे झालो. मामा म्हणाले, "एवढी घाई काहून करून राह्यले हे लोक? आपण का इथं राहाले आलो का?"

घाईचं कारण सोपं आहे. उभी बोट कमावत नाही. सकाळी एक खेप उतरते आणि दुपारपासून त्याच दारानं दुसरी चढू लागते. मधल्या काही तासांत सगळ्या खोल्या झाडून-पुसून तयार करायच्या, कचरा उतरवायचा, भाजीपाला-किराणा चढवायचा. आपण रेंगाळलो तर आपल्याच पलंगाची वाट बघणारं कुणीतरी खाली ताटकळतं. हे सगळं मला पटतं. तरी डोळ्यांदेखत अभ्रा ओढला जाणं मनाला लागतं ते लागतंच.

कारण आमच्याकडे पाहुणा असा सुटत नाही. पांढुर्ण्यात निघतो म्हटलं की आधी कोणीतरी त्याची बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवतं. मग चहा. चहा होईस्तोवर, आता जेवणाचीच वेळ झाली, हे सगळ्यांच्या लक्षात येतं. जेवल्यावर उन्हाचं कुठं जाता. चार वाजता पिशवीत संत्री भरली जातात, ती जड होते म्हणून दुसरी पिशवी शोधली जाते, पिशवी सापडल्यावर तीही भरली जाते. फाटकाशी जी मुख्य बोलणी होतात, लग्नं, वाटण्या, कोणाची साखर वाढली, ती घरात बसून झालेली नसतात. पाहुण्याची बस चुकली की यजमानाचा चेहरा उजळतो.

बोटीवरून उतरायच्या रांगेत आमच्या पुढे मुंबईचे एक गृहस्थ होते. गाव कुठलं विचारलं. पांढुर्णा म्हणताच ते जरा मागे सरकले. "ते दगड मारतात ते?" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पलीकडच्या सावरगावाशी होणाऱ्या गोटमारीनं आमचं नाव पार समुद्रापर्यंत पोचवलं आहे. संत्री बिचारी नागपूरच्या नावानं खपतात. मामांनी शांतपणे समजावलं, "तुमाले नाही मारत जी. सावरगाववाल्यांले मारतो." मग गृहस्थांना दुसरी शंका, मध्य प्रदेशातले असून मराठी कसे? 1956 साली राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर तिकडे गेलं आणि छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला, एवढ्यावर मी आवरतं घेतलं. वर मामांनी जोड दिली की 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौसर आमच्यात आलं. हे त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

याच मुंबईच्या बंदरात उतरण्याचा थाट एकेकाळी वेगळा होता. बॅलार्ड पियरला विलायतेची बोट लागली की गोरे साहेब धक्क्यावरच्या स्टेशनात जाऊन आगगाडीत बसत. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल त्यांना तिथूनच पार पेशावरकडे नेई. कोकणच्या बोटींची गोष्ट निराळी. बोट खोल पाण्यात थांबे, माणसं पडावात उतरत आणि पुष्कळ बंदरांत पडावातून किनाऱ्यापर्यंत हमालाच्या खांद्यावरून जात. भाऊच्या धक्क्याचं नाव काढलं की कोकणातली म्हातारी माणसं अजून हळवी होतात. आम्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या लोकांना यातलं काहीच वारशानं मिळालेलं नाही. आम्हाला टॅक्सी मिळाली, आणि तीसुद्धा विमानतळापर्यंत मीटरकडे बघत जायची.

विमानतळावर मामांनी रांगेचा खांब घट्ट धरला. "हे हलून राह्यलं का रे?" हलत काही नव्हतं. कानाच्या आत तोल सांभाळणारं यंत्र असतं, आणि बोटीवर मेंदू त्या डुलण्याशी जुळवून घेतो. खाली उतरल्यावर ते जुळवलेलं मोडायला त्याला वेळ लागतो, तोवर फरशीच डुलते. हे मी सांगितलं, तर मामी म्हणाल्या, म्हणजे हे तिथंच डुलत राहिले असते तर बरं होतं.

बोट आणि विमान यांचा स्वभाव वजनाच्या काट्यावर कळतो. बोटीवर दिवसरात्र खा म्हणतात, किती चढलं ते कोणी विचारत नाही. विमानवाले माणसाला सोडून बॅग तोलतात. पंधरा किलोच्या वर गेली की पैसे. मामींची बॅग तिथंच फरशीवर उघडली. गोव्याचे काजू निघाले, आंघोळीच्या खोलीतल्या शाम्पूच्या बारक्या बाटल्या निघाल्या, आणि तळाशी घरून नेलेला चिवड्याचा डबा, तसाच भरलेला. बोटीवर बाहेरचं खाऊ देत नाहीत म्हणून तो कोणाला न दाखवता गोव्यापर्यंत जाऊन आला होता. डबा हातात आला, स्वेटर आणि शाल अंगावर चढली. मुंबईच्या दमट हवेत मामी घामानं निथळत होत्या, पण काटा पंधरावर आला. रात्री नागपूरला उतरलो तेव्हा डिसेंबरचा गारठा झोंबत होता आणि आमच्यात शहाण्या त्या एकट्याच ठरल्या.

विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मुंबई सुटली, समुद्र खिडकीच्या कोपऱ्यात सरकून नाहीसा झाला, दीडेक तासात नागपूरचं सोनेगाव विमानतळ आलं.

खरं उतरणं झालं ते सावनेरला. तिथं रस्ता फुटतो. एक सौसर-छिंदवाड्याकडे, दुसरा पांढुर्णा-बैतूलकडे. दोन गाड्या ठरवल्या होत्या, बॅगा इकडच्या तिकडे करायला पाच मिनिटं पुरली असती. पण टपरी उघडी होती. चहा झाला. चिवड्याचा डबा तिथं एकदाचा उघडला आणि गाडीवाल्यांसकट सगळ्यांनी संपवला. मग मामींना आठवलं की मुलीच्या सोयरिकीचं बोलायचं राहूनच गेलं. इतके दिवस एका बोटीवर, एका टेबलाशी जेवत होतो, पण ते विषय चालत्या पाण्यावर निघाले नाहीत. गाडीची दारं उघडी ठेवून सगळं बोलून झालं. ट्रॅकसूट परत द्यायचं मात्र मामांनी नाव काढलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर अवश्य जा. आदल्या रात्री एक जोड कपडे आणि चपला बॅगेबाहेर ठेवा. विमान दुपारी दोननंतरचं घ्या, कारण तुमचा रंग कधी पुकारतील याचा नेम नाही. आणि गाडीवाल्याला नागपुरातच सांगून ठेवा की सावनेरला तासभर लागेल, नाहीतर तो थांबण्याचे पैसे वेगळे लावतो.