सोसायटी पाण्याखाली

चेंबूरला समुद्र आहे, हे चेंबूरकराला बाहेरगावच्या पाहुण्याने सांगावं लागतं. नकाशात पाहिलं तर माहुल, पीर पाव, ट्रॉम्बे असा चांगला ऐसपैस किनारा आहे. पण तिथे तेलाची जहाजं लागतात, रिफायनरीच्या पाइपलाइनी जातात आणि थंडीत चिखलात फ्लेमिंगो उभे राहतात. यांपैकी पाण्यात पाय घालण्याची हौस फक्त फ्लेमिंगोंना. आमचा पाण्याशी संबंध गच्चीवरच्या टाकीपुरता, आणि टाकी भरली की नाही यावरून होणाऱ्या भांडणापुरता.

अशा सोसायटीची सहल मालवणला, समुद्रात तोंड घालून मासे बघायला कशी निघाली, याला कारण आमचं रिडेव्हलपमेंट. चेंबूरमध्ये हल्ली दोन माणसं भेटली की तब्येतीच्या आधी कार्पेट एरिया विचारतात. टिळकनगर बघता बघता आभाळाला टेकलं, आणि आमची चार मजली इमारत मात्र खांबांना भेगा मिरवत उभी आहे, कारण सेक्रेटरींचा बिल्डरवर विश्वास नाही आणि खजिनदारांचा सेक्रेटरींवर नाही. कायद्याने आता ५१ टक्के संमती पुरते. आमची गाडी पन्नासावर येऊन थांबते. शेवटच्या सभेत खुर्ची उचलण्यापर्यंत मजल गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांनी एकदा कुठेतरी लांब जाऊन या." त्यांना 'आपापले जा' असं म्हणायचं असावं. पण ते वाक्य इतिवृत्तात ठराव म्हणून नोंदलं गेलं.

रात्री मैत्री पार्कला बस पकडली. कोकणात, कोल्हापूरला किंवा गोव्याला जाणारा चेंबूरकर सायन-ट्रॉम्बे रोडच्या कडेला बॅगेवर बसून "बस वाशी पुलावर आहे की दादरलाच आहे" या चिंतेत आयुष्याचा बराच भाग घालवतो. बसमध्ये कॉर्पस फंडावर चर्चा सुरू झाली ती कणकवलीपर्यंत पुरली. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहिणार नाही; ते सगळ्यांचं लिहून झालंय.

सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर आमचा गाइड उभा होता. विशी-पंचविशीचा, सडपातळ, उन्हाने रापलेला मुलगा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथे शिकलेला. पर्यटकांशी तो पुस्तकी मराठी बोलायचा आणि घाईला आला की मालवणीत शिरायचा.

"खयसून इलास?"

"चेंबूर," खजिनदार म्हणाले, आणि सवयीने पुढे जोडलं, "ईस्ट. स्टेशनपासून सात मिनिटं."

त्याने आधी एक फॉर्म हातात दिला. दमा आहे का, रक्तदाब आहे का, हृदयाचं काही ऑपरेशन झालंय का, आणि खाली, जे होईल ते माझ्या जबाबदारीवर. पेन फिरलं, आणि बघता बघता सगळ्यांच्या सह्या. मी ते दृश्य डोळे भरून पाहिलं. ज्या माणसांनी नवीन घर फुकट मिळावं म्हणून इतकी वर्षं एका कागदावर सही केली नाही, त्यांनी बुडण्याच्या कागदावर दोन मिनिटांत केली. फक्त सेक्रेटरी कलम चार परत वाचत होते.

स्नॉर्केलिंग सकाळीच का, तेही त्याने सांगितलं. थंडीच्या दिवसांत पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला इकडे मतलय म्हणतात. तो असेपर्यंत पाणी सपाट आणि त्यातल्या त्यात निवळ. दुपारी वारा फिरून समुद्रावरून येऊ लागला की लाटा उठतात, तळ ढवळतो आणि मग तुम्हाला फक्त तुमचेच हात दिसतात. पावसाळ्यात तर हा सगळा धंदाच बंद.

होडी सिंधुदुर्गाच्या दिशेने निघाली. कुरटे बेटावरचा हा किल्ला समोरून बघताना खजिनदारही क्षणभर गप्प झाले. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणी केली, पायात शिसं ओतलं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा. सेक्रेटरींनी मनात हिशेब केला. "तीन वर्षांत ताबा," ते म्हणाले, "आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. आपला बिल्डर एक बोअरवेल द्यायला तयार नाही."

मग साधनांची वाटणी झाली. स्नॉर्केल म्हणजे वाकडी नळी. तिचं खालचं रबरी टोक दातांत धरायचं, वरचं पाण्याबाहेर ठेवायचं. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क. नाक बंद, म्हणजे श्वास तोंडाने. "तोंडान श्वास घेवचो, नाकान नाय. काय्येक होवचा नाय," गाइड प्रत्येकाला सांगत होता. काच आतून धुरकट होऊ नये म्हणून तिच्यावर थुंकायचं, बोटाने पसरवायचं आणि समुद्राच्या पाण्यात विसळायचं. जगभर हाच उपाय करतात म्हणे. पण आमच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर 'येथे थुंकू नये, आदेशावरून' अशी पाटी सेक्रेटरींनी स्वतः रंगवून लावली आहे. सगळी सोसायटी श्वास रोखून त्यांच्याकडे बघू लागली. त्यांनी मास्क उजव्या हातात धरला, डावीकडे पाहिलं, समुद्राकडे पाठ केली, आणि काय केलं ते आम्हाला दिसलं नाही. खजिनदारांनी मात्र आवाज ऐकल्याचं नंतर शपथेवर सांगितलं.

खरा पेच आमच्या घरातला होता. आमच्या ह्यांची मिशी आरसीएफच्या खत कारखान्यात नोकरीला लागले तेव्हापासूनची. निवृत्त झाले, मिशी झाली नाही. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर चामडीला चिकटून बसायला हवी. मध्ये केस आले की पाणी आत झिरपतं. "काका, मिशी आसा ना, थयसून पाणी आत येतला," गाइड अजिजीने म्हणाला. ह्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने पुढचं वाक्य गिळलं आणि व्हॅसलीनची डबी काढली. किल्ल्याच्या साक्षीने एका परक्या मुलाने माझ्या नवऱ्याच्या मिशीला बोटभर व्हॅसलीन फासलं. लग्नानंतर मी एकदा नुसती कात्रीने कडेला सारखी करू का म्हणून विचारलं होतं, तर चार दिवस अबोला होता.

शेवटी खुणा. पाण्यात बोलता येत नाही, म्हणून हाताने बोलायचं. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. अंगठा वर केला की 'मला वर न्या'. हे त्याने दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा आमच्याकडून करवून घेतलं.

लाइफ जॅकेट घालून, हवेच्या रिंगेला धरून आम्ही पाण्यात उतरलो. थंड पाणी अंगात शिरताना आधी सगळ्यांच्या तोंडून आपापल्या कुलदैवतांची नावं निघाली. मग नळ्या दातांत गेल्या, तोंडं पाण्यात गेली आणि एकदम सामसूम. एवढी शांतता आमच्या सोसायटीत मी करोनाच्या दिवसांतही अनुभवली नव्हती. कानात फक्त स्वतःचा श्वास, नळीतून येणारा, जाणारा, मोठा घोगरा. दात रबरावर आवळलेले, जिभेवर मीठ. दहा-बारा माणसं, त्यांतली किमान निम्मी रिडेव्हलपमेंटवर बोलायला आतुर, आणि एकालाही बोलता येत नाही.

जाहिरातीतला निळा रंग इथे शोधू नका. मालवणचं पाणी हिरवट असतं, आणि चांगल्या दिवशीही काही मीटरच दिसतं. पण तेवढ्यात पुरेसं दिसतं. आधी नुसता धूसर खडक. मग लक्षात आलं की तो खडक नाही, प्रवाळ आहे, गोलसर, मातकट, सगळ्या अंगावर बारीक बारीक भोकं. मी चेहरा जवळ नेला. भोकाभोवती इतकी रेखीव नक्षी की कोणी सुईने कोरत बसलं असावं. त्याच्या कडेने काळे पट्टे असलेले पिवळसर मासे आले, माझ्या बोटांपर्यंत येऊन मला नीट पाहिलं आणि काही विशेष नाही असं ठरवून निघून गेले.

गाइडने होडीतच सांगितलं होतं की प्रवाळ म्हणजे झाड नाही, दगडही नाही, ती एक वसाहत असते. इवले इवले जीव चुन्याची घरं एकाला एक लावून बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देतं. म्हणजे भाडं साखरेत. पाणी फार तापलं की मालक भाडेकरूला बाहेर काढतो आणि इमारत पांढरी पडते. लवकर परत आणलं नाही, तर मालकही उपाशी मरतो. अशी गोल प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, म्हणून "थयसर पाय ठेवूचो नाय" हे तो दर पाच मिनिटांनी ओरडत होता. इथला काही भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. "कार्पेट की बिल्टअप?" असं खजिनदारांनी तेव्हाच विचारून घेतलं होतं. त्यांच्या खिशात माशांना घालायला पार्ले-जीचा पुडाही होता. तो गाइडने काढून घेतला. बिस्किटांची चटक लागली की मासे आपलं नेहमीचं खाणं सोडतात, आणि शेवाळ खाऊन प्रवाळ साफ ठेवायचं त्यांचं काम तसंच राहतं. सोसायटीचे पैसे वाया गेल्याची नोंद खजिनदारांनी केली.

शेजारच्या तमिळ मामींबद्दल सगळ्यांना काळजी होती. सत्तरीच्या पुढे, कपाळावर विभूती, सलवार-कमीज मुलीचा मागून आणलेला. त्या काठावर बसून कॉफी पितील असं आम्ही धरून चाललो होतो. मी डोकं वर काढलं तर मामी रिंग सोडून, पाय संथ हलवत लांब निघालेल्या, आणि गाइड त्यांच्या मागे. परत आल्यावर म्हणाल्या, "अगं, लहानपणी आम्ही रोज कावेरीत पोहायचो. इथे चेंबूरला कोणी विचारलंच नाही." इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्यांना इडलीचं प्रमाण विचारलं होतं, पाण्याच्या टाकीचं विचारलं होतं. पोहता येतं का, हे मात्र मलाही सुचलं नव्हतं.

सेक्रेटरींचा गोंधळ वेगळाच. सोसायटीच्या ग्रुपवरच्या प्रत्येक मेसेजला अंगठा देऊन देऊन त्यांच्या हाताला तेच वळण पडलं आहे. मासा दिसला की ते आनंदाने अंगठा वर करत, आणि गाइड इमानाने त्यांना दंडाला धरून वर खेचे. नळी काढून ते ओरडत, "कशाला काढलंत?" तो म्हणे, "तुमीच सांगितलास ना!" असं होता होता त्यांच्या वाट्याचे बरेचसे मासे निघून गेले.

जेवण मालवणात झालं. सुरमई, तिसऱ्या, सोलकढी. मामींना घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. या विषयावर अधिक काही लिहिलं तर मला परत जावंसं वाटेल, म्हणून इथेच थांबते.

दुपारी कर्ली नदीच्या खाडीत कयाक. दोन्ही काठांना कांदळवन, मधे सपाट पाणी, आणि ओहोटी लागल्यामुळे प्रवाह देवबागच्या संगमाकडे. इथली कयाक म्हणजे जाड प्लॅस्टिकची, वर बसायची होडी. तिच्या तळाला आरपार भोकं असतात. खजिनदारांनी ती पाहिली आणि जागच्या जागी थिजले.

"याला लीकेज आहे."

"नाय काका, ता मुद्दाम. वरसून इलेला पाणी थयसून भायर जाता."

"गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलेल्या कंत्राटदाराने पण हेच सांगितलं होतं."

प्रत्यक्षात मुलगा बरोबर होता. होडी आतून पोकळ आणि बंद असते, भोकाच्या नळीचा त्या पोकळीशी संबंध नसतो, त्यामुळे ती बुडत नाही. फक्त बसणाऱ्याची पँट शेवटपर्यंत ओली राहते.

जोडीच्या कयाकमध्ये पुढच्याने ताल धरायचा आणि मागच्याने तो बघून वल्हवायचं, दिशाही मागच्यानेच सांभाळायची. आम्हा दोघांत मागे हे बसले. पुढचा अर्धा तास माझ्या पाठीला "डावीकडे, डावीकडे, अगं तुझं डावं" असं मार्गदर्शन मिळत होतं. मी वल्हं मांडीवर ठेवून बसले, तेव्हा होडी सरळ चालू लागली. हे अजून त्याचं श्रेय स्वतःकडे घेतात.

जोड्या लावता लावता उरले सेक्रेटरी आणि खजिनदार. गाइड बाहेरचा, त्याला इतिहास माहीत नव्हता. त्याने दोघांना एका कयाकमध्ये बसवून ढकलून दिलं. पुढे बसायला कोणी तयार नव्हतं, कारण पुढच्याला मागचा काय करतोय ते दिसत नाही. अखेर चिठ्ठी टाकून खजिनदार पुढे बसले. एक उजवीकडे वल्हवी, दुसरा डावीकडे ओढी, आणि होडी जागच्या जागी संथ गोल फिरे. तिवरांत बसलेला एक बगळा हा प्रकार मान वळवून वळवून बघत होता. दरम्यान ओहोटी आपलं काम करत होती. कोणीही न वल्हवता ती दोघांना फिरवत फिरवत संगमाकडे नेत होती, आणि वाऱ्यावरून आमच्यापर्यंत शब्द येत होते, "पार्किंग", "स्टिल्ट", "मी लेखी दिलं होतं". शेवटी गाइडने आपल्या कयाकला दोरी बांधून दोघांना ओढत आणलं. दोरीवर असताना दोघेही एकाच बाजूला बघत होते, तेवढीच काय ती एकवाक्यता.

चेंबूरला परतल्यावर काही दिवसांनी गाइडने पाण्याखालची चित्रफीत पाठवली. मास्क लावलेली माणसं ओळखू येईनात. ग्रुपवर "हा मी", "नाही, हा मी" असे दावे पडले. आमचे हे व्हॅसलीनच्या चकाकीवरून लगेच सापडले. मग खजिनदारांनी त्यातलं एक चित्र कापून ग्रुपवर टाकलं. हिरव्या पाण्यात सेक्रेटरी, गाल फुगलेले, आणि उजवा अंगठा ठणठणीत वर. खाली ओळ होती: 'प्रस्तावास सेक्रेटरींची संमती. एकूण ५१ टक्के. सर्वांचे अभिनंदन.'

ग्रुपवर टाळ्या सुरू झाल्या. तासाभराने सेक्रेटरींचं उत्तर आलं, जावक क्रमांकासह: 'सदर खुणेचा पाण्याखालील अर्थ "मला येथून बाहेर काढा" असा आहे. माझी भूमिका तीच आहे.'