रा. रा. उंच धुराडे यांस

रा. रा. उंच धुराडे,
मुक्काम पोस्ट औष्णिक वीज केंद्र, यांस,
स. न. वि. वि.

बढतीबद्दल मनःपूर्वक अभिनंदन! आजवर लोक तुम्हांला धूर सोडणारे म्हणून ओळखत होते. जुलै 2025च्या केंद्रीय अधिसूचनेने तुम्हांला प्रदूषण-नियंत्रक करून टाकलं. कोळशावरच्या केंद्रांनी धुरातला सल्फर डायऑक्साइड दोन वर्षांत काढून टाकायचा, असं सरकारनेच डिसेंबर 2015 मध्ये ठरवलं होतं. ती मुदत 2022वर गेली, पुढेही सरकत राहिली आणि अखेर देशातल्या सुमारे 78 टक्के संचांना या कामातून सूट मिळाली. अट एवढीच, की धुराडं ठरलेल्या उंचीचं हवं. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीचं शहर दहा किलोमीटरच्या आत असेल, तरच हा वायू काढणाऱ्या संयंत्राची सक्ती. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित ठिकाणांचा फैसला एकेक करून. बाकीच्यांना तुमची उंची पुरे. 500 मेगावॉटच्या संचासाठी ती 275 मीटर, म्हणजे तीन कुतुबमिनार एकावर एक रचले तरी तुम्ही वर उराल.

या उंचीने होतं काय, तर धूर पांगतो. पायथ्याच्या वस्तीत घशाची खवखव कमी, मोजणी केंद्रावरचा आकडाही कमी. बाहेर पडलेल्या वायूचं वजन मात्र तितकंच. वर गेलेला हा वायू वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाता जाता सल्फेट होतो आणि शेतातल्या युरियातून, शेणामुतातून उठणाऱ्या अमोनियाशी जुळून अडीच मायक्रॉनहून बारीक कण बनतो. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. दमा वाढवतातच, शिवाय हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढवतात. बाहेरच्या प्रदूषित हवेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2013 मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलं. या बारीक कणांची आपली वार्षिक मर्यादा 40 मायक्रोग्रॅम, त्या संघटनेची 5. तेव्हा ‘हवेतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेतच आहे’ हे तुमच्या वकिलांचं म्हणणं खरं असूनही निरुपयोगी आहे. वेश बदलून गेलेल्याला जुन्या नावाने हाका मारल्यावर ओ कोण देणार?

तुमच्या घराण्याचा पूर्वेतिहासही आहे. 1952 साली लंडनमध्ये विषारी धुरक्याने हजारो माणसं दगावली. त्यानंतरच्या दशकांत ब्रिटनच्या वीज केंद्रांवर तुमचे भाऊबंद उंचच उंच उभे राहिले. तिथली हवा निवळली खरी, पण युरोपातला गंधक नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत आम्ल होऊन उतरला, मासे मेले, आणि 1972च्या स्टॉकहोम परिषदेत स्वीडनने ते गाऱ्हाणं जगापुढे मांडलं. स्वीडनला निदान परराष्ट्र खातं होतं; वाऱ्याच्या वाटेवरच्या तालुक्याला तेवढंही नसतं.

आपला कोळसा कमी गंधकाचा, हा दुसरा बचाव. टक्केवारीने खराच. पण त्यात राख फार आणि उष्णता कमी, म्हणून जाळावा लागतो जास्त. 500 मेगावॉटचा संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला सात हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. गंधक 0.4 टक्के धरला तरी 28 टन. जळताना ऑक्सिजन जोडला की वजन दुप्पट, म्हणजे रोज पन्नासेक टन वायू एकट्या संचाचा. चंद्रपूरला असे पाच संच आहेत, 210 मेगावॉटचे दोन वेगळेच.

खर्चाचा आक्षेप मात्र हसून उडवण्यासारखा नाही. संयंत्र महाग असतं, चुनखडी मागतं, पाणी पितं, थोडी वीज स्वतःच खातं, आणि याचा भार वीजबिलात दिसणार. सूट दिल्याने तो भार नाहीसा होत नाही; तो दवाखान्याच्या बिलात जातो, जिथे वीज कंपनीचं नाव छापलेलं नसतं. हे इथे जमण्यासारखंच नाही, असं म्हणायचीही सोय नाही. मुंबईत ट्रॉम्बेला समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची सोय 1980च्या दशकातच झाली. डहाणूच्या वीज केंद्राची न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालच्या पर्यावरण प्राधिकरणाने पाठ सोडली नाही, म्हणून 2007 मध्ये संयंत्र चालू झालं. धुराडं तिथेही उंच आहे, फक्त त्याच्यावर एकट्यावर सारं सोपवलेलं नाही.

सबब एक विनंती. तुमचा धूर नेमका कोणत्या जिल्ह्यात उतरतो ते कृपया कळवावं. तक्रार कोणत्या कलेक्टर कचेरीत द्यायची, याचा खुलासा अधिसूचनेत नाही.

आपला,
वाऱ्याच्या वाटेवरचा एक रहिवासी