स्लॅबखालचा उन्हाळा

उष्णतेची लाट व्याख्येत बसावी लागते. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात पारा किमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर हवा, नाहीतर सरळ ४५ अंश गाठलेले हवेत. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्याची सरासरीच ४२ च्या घरात. म्हणून वरणगावात ४४ अंशांना जी भोवळ येते, ती लाटेची नसते, नेहमीची असते. शिवाय तापमान मोजले जाते ते सावलीत, हवेशीर पांढऱ्या पेटीत. एसटीची वाट पाहणाऱ्याला ती पेटी मिळत नाही.

या उन्हावरचा जुना खानदेशी तोडगा म्हणजे धाब्याचे घर. जाडजूड मातीच्या भिंती, लाकडी छत आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दुपारचे ऊन ही जाडी ओलांडून आत येईपर्यंत रात्र होते. या घराचे दोष दोन: पावसाळ्याआधी छतावर माती टाकावी लागते आणि सोयरिकीला आलेले पाहुणे आधी छताकडे पाहतात. पहिल्या दोषावर उपाय होता, दुसऱ्यावर नव्हता. म्हणून धाबी गेली, स्लॅब आले.

स्लॅबचे चार-पाच इंच काँक्रीट दिवसभर ऊन जमा करते आणि रात्री खाली झोपलेल्यांना परत देते. घेतलेले इतक्या इमानाने परत करणारे दुसरे खाते गावात नाही. त्यामुळे संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून सारे घर वर झोपायला जाते. कर्ज काढून बांधलेल्या घरात उन्हाळाभर कपाट झोपते.

पुढचा उपाय कूलर. कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत आली की पाणी उडते आणि हवा गार होते. खानदेशची हवा त्यासाठी उत्तमच. मात्र आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. गारवा निसटू नये म्हणून खिडक्या लावून घेणाऱ्यांना तासाभरात श्रावणाचा दमटपणा घरबसल्या मिळतो. दीपनगरचे औष्णिक केंद्र जवळच असल्याने वीज कुठे तयार होते, हे गावाला ठाऊक असते. ती कुठे गेली, एवढेच कळत नाही.

सर्वांत नीट सोय केळीची. बागेभोवती शेवरीचा नाहीतर हिरव्या जाळीचा आडोसा, मुळाशी ठिबक आणि हवामानावर आधारित फळपीक विम्यात जादा तापमानाची भरपाई. माणसाला एवढे मिळवायचे तर घडाला लटकावे लागेल.

युरोपात घरे बांधली गेली ती थंडी बाहेर ठेवण्यासाठी. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसे उष्णतेने दगावली, त्यांत बहुतेक वृद्ध. पॅरिसमधल्या जस्ताच्या पत्र्याखालच्या खोल्या तर भट्ट्याच झाल्या. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटननेही ४० अंश ओलांडले. आता तिथली सरकारे नागरिकांना शिकवतात: दिवसा खिडक्या-झडपा लावा, रात्री उघडा, पाणी पीत राहा, एकट्या म्हाताऱ्यांची विचारपूस करा. धाब्याच्या घरातल्या आजीची ही दिनचर्या. वरणगावला मात्र हा सल्ला अर्धाच लागू पडतो. दारे-खिडक्या लावता येतात. ज्यांच्या आड बसायचे, त्या भिंती पाडून झाल्या आहेत.